तळ बंद करायचा तर आधी अटी जाहीर करा

मे २००५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी बंद करायच्या लष्करी तळांची यादी जाहीर केली. साउथ डकोटा राज्यातला एल्सवर्थ हवाई तळ त्या यादीत होता. बी-१ बॉम्बर विमानं दोन ठिकाणी सांभाळण्यापेक्षा सगळी टेक्सासच्या डायस तळावर न्यायची आणि एल्सवर्थला कुलूप लावायचं, असा बेत होता. ऑगस्टमध्ये स्वतंत्र आयोगाने तो हिशेब उसवून पाहिला आणि एल्सवर्थ वाचला. दाखवलेल्या बचतीतला मोठा वाटा माणसांच्या पगारांचा होता. पण ती माणसं हवाई दल सोडून घरी बसणार नव्हती, टेक्सासला जाणार होती. पगार तोच राहणार, पत्ता तेवढा बदलणार. पुढे २०२१ मध्ये हवाई दलाने बी-२१ या नव्या बॉम्बरचा पहिला तळ म्हणून एल्सवर्थचीच निवड केली.

हा दाखला देऊन ‘म्हणूनच असले निर्णय गणितावर सोडू नयेत’ असं सांगणारे बरेच असतात. मला त्यातून उलटंच दिसतं. हिशेब कागदावर होता, त्यातली गृहीतकं लिहिलेली होती, म्हणून कुणाला तरी त्यात बोट घालून दाखवता आलं. कागद नसता तर एल्सवर्थचं भवितव्य त्या राज्याच्या सिनेटरचं वॉशिंग्टनमध्ये किती चालतं यावर ठरलं असतं. तो वाचला असता किंवा गेला असता, पण का, हे कुणालाच कळलं नसतं.

हे गणित म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पन्नास पलटणी आहेत आणि वीस तळ आहेत असं समजा. प्रत्येक पलटणीला एक तळ द्यायचा, तर एकूण शक्यता होतात वीसचा पन्नासावा घात, म्हणजे एकावर पासष्ट शून्यं आणि वर थोडं. समितीने वर्षानुवर्षं बैठका घेतल्या तरी त्यातल्या चारदोनशे पर्यायांपलीकडे कुणी जात नाही, आणि ते चारदोनशेही बहुधा अध्यक्षांच्या आवडीच्या आसपासचे असतात. इष्टतमीकरण, किंवा सगळे म्हणतात तसं ऑप्टिमायझेशन, हा सगळा ढीग एकेक न तपासताही त्यातला सर्वांत चांगला पर्याय शोधून काढतं. मात्र ‘चांगला’ म्हणजे काय आणि ‘चालणार नाही’ म्हणजे काय, हे आपण आधी आकड्यांत लिहून द्यावं लागतं. किती जवानांना बराकी, किती कुटुंबांना घरं, रणगाडे दुरुस्तीच्या किती शेड, धावपट्टी किती लांब, वर्षातले किती दिवस फायरिंग रेंज मोकळी मिळेल, या झाल्या अटी. बांधकाम, सामान हलवणं, नोकरी गेलेल्यांची भरपाई हा एकदाचा खर्च आणि त्यानंतर दरवर्षी होणारी बचत, यांची वीस वर्षांची बेरीज आजच्या पैशांत मांडायची, हे झालं उद्दिष्ट.

या शास्त्राचा एक उगम लष्करातच आहे. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असली गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत शोधली, तेव्हा ते पेंटागॉनमध्ये हवाई दलासाठी काम करत होते. पण तिचं उत्तर अपूर्णांकातही येऊ शकतं, आणि अर्धी पलटण इथे, अर्धी तिथे असलं उत्तर तळांच्या बाबतीत चालत नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं, आणि त्याने गणित फार अवघड होतं. त्या अवघड भागाची वाट १९६० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी दाखवली. या कहाणीत आपला माणूसही आहे. आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये नवी पद्धत मांडली, तिच्यावर एटीअँडटी कंपनीने ‘कॉरबेक्स’ नावाची यंत्रणा तयार केली, आणि अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहतूक विभागाने उड्डाणांच्या आखणीसाठी ती वापरून पाहिली. आपल्याकडे करमरकरांचा सत्कार पुष्कळ झाला. त्यांचं गणित सरकारी निर्णयात वापरायचं, असं मात्र कुणाच्या डोक्यात आल्याचं दिसत नाही.

असो. अमेरिकेकडे परत येऊ, कारण तळ बंद करण्याचं राजकारण आणि त्याचं गणित या दोन्हींचा एवढा जुना आणि उघडा व्यवहार मला दुसरीकडे माहीत नाही.

साठच्या दशकात रॉबर्ट मॅकनामारा संरक्षणमंत्री असताना पेंटागॉन परस्पर तळ बंद करत असे. १९६४ मध्ये ब्रुकलिनची नौदल गोदी बंद करायचं जाहीर झालं. ज्यांच्या मतदारसंघात असा घाव बसला, ते खासदार म्हणू लागले की हा हिशेब नाही, सूड आहे. १९७७ मध्ये संसदेने कायदा करून पेंटागॉनला बांधून टाकलं. आधी आम्हाला कळवा, पर्यावरणाचा अभ्यास करा, मग बघू. परिणाम असा की पुढची दहाएक वर्षं एकही मोठा तळ बंद झाला नाही. तो कायदा घडवणाऱ्यांत मेन राज्याचे तरुण खासदार विल्यम कोहेन होते. वीस वर्षांनी हेच कोहेन संरक्षणमंत्री झाले, तळ बंद करण्याच्या आणखी फेऱ्या द्या म्हणून संसदेला विनवू लागले, आणि संसदेने त्यांना नाही म्हटलं. खुर्ची बदलली की बेरीज-वजाबाकीही बदलते.

कोंडी फुटली ती १९८८ मध्ये. डिक आर्मी या टेक्सासच्या खासदाराच्या पुढाकाराने कायदा झाला, १९९० मध्ये तो पक्का झाला. रचना साधी होती. पेंटागॉनने यादी द्यायची, स्वतंत्र आयोगाने ती तपासून दुरुस्त करायची, राष्ट्राध्यक्षांनी अख्खी स्वीकारायची किंवा परत पाठवायची, आणि संसदेनेही ४५ दिवसांत अख्खी फेटाळायची किंवा गप्प बसायचं. आयोगानंतर एखाद-दुसरं नाव वगळायची सोय कुणालाच नाही. १९८८ ते १९९५ च्या चार फेऱ्यांत ९७ मोठे तळ बंद झाले. फिलाडेल्फियाची नौदल गोदी वाचवण्यासाठी सिनेटर आर्लन स्पेक्टर सर्वोच्च न्यायालयात स्वतः युक्तिवादाला उभे राहिले आणि १९९४ मध्ये हरले.

या ‘सगळं किंवा काहीच नाही’ अटीकडे लोक राजकीय क्लृप्ती म्हणून बघतात. खासदाराला घरी जाऊन ‘मी विरोध केला हो, पण काय करणार’ म्हणायची सोय, असं. ते खोटं नाही. पण माझ्या मते ही अट गणिताच्या दृष्टीनेही बरोबर आहे, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. लग्नघरात ज्याने पाहुण्यांच्या खोल्या वाटल्यात त्याला विचारा. मामांना गुडघेदुखीमुळे खालची खोली दिली की त्या खोलीतले चौघे वर जातात, वरचे दोघे गच्चीवर, आणि रात्री अकरा वाजता गाद्या कमी पडतात. तळांची वाटणी अशीच एकमेकांत अडकलेली असते. एक तळ यादीतून काढला, तर तिथली पलटण जिथे जाणार होती तिथलं बांधकाम फुकट, आणि तिथून जी निघणार होती तिला जागाच नाही. उत्तर असतं ते सगळ्या संचाचं. त्यातलं एक नाव उपटून उरलेल्याला ‘उत्तर’ म्हणता येत नाही. क्लिंटन यांनी १९९५ मध्ये सॅक्रामेंटोचा मॅक्लेलन आणि सॅन अँटोनियोचा केली, या दोन हवाई तळांवरची कामं जागच्या जागी खासगी कंत्राटदारांना देऊन नोकऱ्या तिथेच राखण्याचा घाट घातला. अख्खी यादी स्वीकारायची आणि तिला मागच्या दाराने भोक पाडायचं, असा तो प्रकार होता. त्यानंतर संसदेचा विश्वास असा उडाला की पुढची फेरी निघायला २००५ उजाडलं.

आता माझा मुख्य मुद्दा. अशा मॉडेलचं, म्हणजे अटी आणि उद्दिष्ट यांच्या या गणिती मांडणीचं, उत्तर मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाच्या वाटतात त्याच्या अटी, कारण राजकारण तिथे बसलेलं असतं आणि तिथेच ते हातात सापडतं.

अमेरिकी नौदलाचं १९९५ चं काम घ्या. रिकामी पडलेली क्षमता कमीत कमी व्हावी, हे त्यांच्या मॉडेलचं उद्दिष्ट होतं. अट अशी की उरलेल्या तळांचं सरासरी लष्करी मूल्य, म्हणजे तळ दलाला किती उपयोगी याचे गुण, तेव्हाच्या सरासरीपेक्षा खाली जाता कामा नये. मॉडेलकडून त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा पर्यायही मागून घेतला, ही मोठी शहाणपणाची गोष्ट. पण शेवटी नौदलमंत्र्यांनी कॅलिफोर्नियातली काही ठिकाणं यादीतून वगळली. कारण दिलं ते असं की आधीच्या फेऱ्यांमध्ये त्या राज्याने पुष्कळ नोकऱ्या गमावल्या आहेत, आणखी भार नको. भावना रास्त होती. एकाच राज्याने किती सोसायचं, हा प्रश्न विचारणं लोकशाहीत गैर नाही. गैर होतं ते एवढंच की ही अट मॉडेल चालून झाल्यावर, दरवाजा बंद करून लावली गेली.

ती आधी लावता आली असती. ‘कुठल्याही एका राज्यातल्या इतक्याहून जास्त नोकऱ्या जाऊ नयेत’ ही एका ओळीची अट आहे. मॉडेल ती मुकाट्याने पाळतं. मग ती अट घालून एकदा गणित चालवायचं, काढून एकदा चालवायचं, आणि दोन उत्तरांतला फरक मांडायचा. तो फरक म्हणजे त्या भावनेची किंमत. ती वीस वर्षांत दहा कोटी डॉलर निघाली तर बहुतेक लोक म्हणतील, देऊन टाका. दोन अब्ज निघाली तर चर्चा व्हायला हवी. राजकारणाला हाकलून लावणं गणिताला जमत नाही आणि त्याने ते करूही नये. पण राजकारणाच्या प्रत्येक अपवादाला भाव लावणं त्याला जमतं, आणि हे काम दुसरं कुठलंही साधन इतक्या स्वच्छपणे करत नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो २००५ च्या फेरीनेच पुढे आणला. भूदलाने त्या वेळी ९७ ठिकाणांना ४० निकषांवर गुण दिले आणि ‘ऑप्टिमल स्टेशनिंग ऑफ आर्मी फोर्सेस’ हे मॉडेल वापरलं. तिन्ही दलांचं मिळून अवाढव्य विश्लेषण झालं. आणि शेवट? आयोगाचा अंदाज होता की एकदाचा खर्च २१ अब्ज डॉलर येईल; आला ३५.१ अब्ज. एकट्या बांधकामाचा खर्च १३.२ अब्जांवरून २४.५ अब्जांवर गेला. वीस वर्षांची जी निव्वळ बचत सुमारे ३६ अब्ज डॉलर व्हायची होती, ती सरकारी लेखापरीक्षकांच्या फेरहिशेबात ९.९ अब्ज उरली. एवढी चूक असेल तर दशांश चिन्हापर्यंत ‘सर्वोत्तम’ शोधण्यात अर्थ काय?

अर्थ आहे, पण त्यासाठी चूक कुठे होती ते बघावं लागेल. शोधण्याच्या पद्धतीत ती नव्हती, तिला पुरवलेल्या आकड्यांत होती. लेखापरीक्षकांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की पेंटागॉनने दाखवलेल्या वार्षिक बचतीतला जवळजवळ निम्मा भाग लष्करी माणसांच्या पदांचा आहे, आणि सैन्याची एकूण संख्या तर कमी होणार नाही. एल्सवर्थचीच गोम, देशभर पसरलेली. बांधकामाचा खर्च वाढला त्यात एक कारण असंही होतं की हलवाहलव चाललीच आहे तर नवं, जास्त चांगलं बांधून घेऊ, असं दलांनी ठरवलं. त्यात चुकीचं काही नसेलही, पण तो निर्णय बचतीचा नव्हता, आणि त्याची नोंद बचतीच्या खात्यात होती. गृहबांधणी करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला ‘भिंत पाडलीच आहे तर’ या वाक्याची किंमत ठाऊक असते.

न्यू जर्सीतल्या फोर्ट मनमथचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. तिथे लष्कराच्या संदेशवहनाचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन होत असे. सगळं मेरीलँडच्या ॲबरडीनला न्यायचं ठरलं. खर्चाचा अंदाज ७८ कोटी डॉलर होता, तो दोनेक वर्षांतच जवळजवळ दुप्पट झाला. पण खरं नुकसान पैशाचं नव्हतं. तिथल्या नागरी अभियंत्यांना मेरीलँडला जायचं नव्हतं. घरं होती, मुलांच्या शाळा होत्या, नवरा-बायकोची दुसरी नोकरी होती, आणि निवृत्तीला दोन-चार वर्षं उरलेली. मॉडेलच्या कोष्टकात पद हलतं. पंधरा वर्षं रडारवर काम केलेला माणूस हलायला तयार आहे की नाही, हे तिथे विचारलेलं नसतं. इथे मी गणिताचा वकील म्हणूनही म्हणेन की हा दोष मॉडेल करणाऱ्यांचाच. माणसं किती येतील याचा अंदाज सर्वेक्षणाने काढता येतो, आधीच्या फेऱ्यांचा अनुभव हाताशी होता, आणि गेलेलं कौशल्य परत उभं करायला किती वर्षं लागतात हेही आकड्यांत मांडता येतं. जे मोजायला कठीण ते शून्य धरायचं, ही सवय वाईट, कारण शून्य हाही एक आकडाच आहे, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत चुकीचा असतो.

दुसरी अडचण भविष्याची. कायद्याप्रमाणे सगळी मांडणी सैन्याच्या वीस वर्षांच्या आराखड्यावर उभी होती. २००५ मध्ये यादी झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये इराक युद्धाच्या ताणामुळे भूदल ६५ हजारांनी वाढवायचं ठरलं. वीस वर्षांचा आराखडा दोन वर्षांत जुना. काही वर्षांनी तेच भूदल ८० हजारांनी कमी करायचं ठरलं. न्यू मेक्सिकोचा कॅनन हवाई तळ २००५ च्या यादीत होता. आयोगाने त्याला नवं काम शोधायला मुदत दिली आणि तो विशेष मोहिमांच्या दलाला उपयोगी पडला. इमारत पुन्हा बांधता येते. धावपट्टीच्या टोकाशी वसाहत उभी राहिली, रणगाड्यांच्या मैदानाचे प्लॉट पडले, की ती जमीन पुन्हा मिळत नाही. म्हणून एका भविष्यासाठी सर्वोत्तम उत्तर शोधण्याऐवजी पाच-सहा वेगवेगळ्या भविष्यांत जे फारसं वाईट ठरणार नाही असं उत्तर शोधावं, असं मला वाटतं. गणिताला ते नवं नाही; मागणाऱ्याने तसं मागायला हवं.

आणि आपण? आपल्याकडे हा विषय परका नाही, फक्त त्याचा हिशेब कधी चव्हाट्यावर येत नाही. मे २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबरमध्ये अहवाल आला, ऑगस्ट २०१७ मध्ये ६५ शिफारशी स्वीकारल्या गेल्या, सुमारे ५७ हजार पदांची फेररचना करायचं ठरलं. त्यातच लष्कराचे ३९ दूध-फार्म बंद करायचा निर्णय होता. १८८९ मध्ये अलाहाबादला सुरू झालेली ती व्यवस्था मार्च २०२१ मध्ये संपली. निर्णय योग्यच होता. डेअरीच्या देशात सैन्याने गाई कशाला पाळायच्या? पण कुठलं केंद्र आधी, कुठलं नंतर, जमिनीचं काय, हलवलेल्या पदांमुळे कुठे किती ताण आला, हे आपल्याला कळलं ते पत्रकांमधून, तेही ठरून गेल्यावर.

कटक मंडळांचंही, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डांचंही, तेच. संरक्षण खात्याच्या ताब्यात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे, पैकी १.६१ लाख एकर २०२३ पर्यंत ६२ छावण्यांमध्ये होती. त्यातली सात एकट्या महाराष्ट्रात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. २०२३ मध्ये हिमाचलच्या खास योलपासून ही मंडळं मोडीत काढायला सुरुवात झाली. मंडळ जाणं आणि तळ जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. नागरी वस्ती महापालिकेकडे गेली तरी लष्कराची हद्द राहते. पण हद्द कुठे आखायची, कुठलं मैदान राखायचं, कुठली संस्था आक्रसायची, हे प्रश्न जमिनीच्या भावाने विचारले जाऊ लागले की उत्तरंही जमिनीच्या भावाचीच येतात. पुण्यात हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या टोकाला नगरची के. के. रेंज, ही रणगाड्यांच्या गोळीबार-सरावाची जागा, आहे. तिच्या विस्ताराला राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. लष्कर म्हणतं, लांब पल्ल्याच्या सरावाला जागा लागते. शेतकरी म्हणतो, आमच्याच गावांनी किती वेळा द्यायचं. दोघांचंही खरं आहे. पण राजस्थानातल्या रेंज वापरल्या तर रणगाडे रेल्वेने नेण्याचा खर्च किती, वर्षातले किती दिवस तिथे मोकळे मिळतील, आणि ते परवडत नसेल तर या गावांना द्यायचा मोबदला त्या खर्चाच्या तुलनेत किती तोकडा आहे, हा तक्ता दोघांच्याही समोर कधी ठेवला गेला नाही. ठेवला असता तर निदान मोबदल्याची घासाघीस कशाबद्दल आहे हे शेतकऱ्याला कळलं असतं.

‘हे सगळं गुप्त असतं’ हे उत्तर ठरलेलं आहे. काही भाग गुप्त असतोच. गलवाननंतर मथुरेच्या १ कोअरचा रोख पश्चिमेकडून उत्तरेकडे वळवला गेला, त्याचं वेळापत्रक कुणी वेबसाइटवर टाकावं असं मी म्हणत नाही. पण बराकींची क्षमता, शाळांची पटसंख्या, दुरुस्ती कार्यशाळांवरचा भार, जमिनीचा सातबारा, हलवण्याचा खर्च यात शत्रूला उपयोगी पडेल असं फार थोडं आहे. अमेरिकेने गुप्त भाग बाजूला ठेवून बाकीचे ढीगभर कागद खुले केले आणि त्याने ती दुबळी झाली नाही.

मागणी मोठी नाही. सीमेवरच्या तळांना हात न लावता प्रशिक्षण केंद्रं, आयुध डेपो आणि शांत भागातल्या कार्यशाळा एवढ्यापुरती एक फेरी काढावी. नावं ठरण्याआधी निकष आणि अटी राजपत्रात छापाव्यात. आकडे महालेखापरीक्षकांनी तपासावेत, विशेषतः पगाराची ‘बचत’. तीन पर्याय मागावेत, एक नाही. वगळलेल्या प्रत्येक ठिकाणापुढे वगळण्याचा खर्च लिहावा, आणि संसदेने यादी अख्खी घ्यावी किंवा अख्खी परत पाठवावी. देवळालीच्या किंवा कामठीच्या लोकप्रतिनिधीला ‘आमचं केंद्र हलवू नका’ म्हणायचा हक्क त्यातही शाबूत राहतो. समोरच्या रकान्यातला रुपयांचा आकडा तेवढा त्याला सभागृहात वाचून दाखवावा लागेल.